गावोगाव गोष्टींच्या बैठकी बसाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला आहे. शुक्रवारी जिवतीची, रविवारी आदित्यराणूबाईची, सोमवारी शिवामुठीची अशा कहाण्या आता घरोघरी वाचल्या जातील. 'वाचल्या जातील' हे शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. माझ्या आईला सहीपुरतेच अक्षर येत होते, त्यामुळे तिने कहाणी कधी वाचली नाही. हातात तांदळाचे चार दाणे घेऊन ती भिंतीला टेकून बसे, 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरुवात करी, आणि 'पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' येईपर्यंतची मधली वाट दर वर्षी थोडी निराळी असे. घरात नवी सून आलेली असली, तर त्या वर्षी कहाणीतल्या सासूला जरा जास्तच शासन होई. कुणाचा मुलगा बोटीवर नोकरीला गेलेला असला, तर समुद्रापलीकडे गेलेला राजपुत्र लवकर घरी परते. छापील पुस्तिकेतल्या कहाणीला अशी सवलत नाही, आणि मोबाइलवर लावून दिलेली कहाणी तर ऐकणाऱ्या बायका चहा ठेवायला उठून गेल्या तरी चालूच राहते.

तोंडी गोष्ट सांगण्याची ही रीत टिकवायची असेल, तर गोव्यातल्या गावागावांत आणि शहरांच्या वाड्यावाड्यांत गोष्टी सांगण्या-ऐकण्याच्या छोट्या बैठकी नियमाने बसल्या पाहिजेत, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे. इतरत्र अशा मंडळांना स्टोरीटेलिंग क्लब म्हणतात. आपल्याकडे या नावाने काही सुरू केले, की पहिल्या दिवशी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडले जातात व तिसऱ्या महिन्यात ते एकमेकांशी बोलेनासे होतात, हा अनुभव असल्याने मी आपला 'बैठक' हा साधा शब्द वापरते.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात झालेल्या लोककलेच्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. आयोजकांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण कार्यक्रम वाईट हेतूने केलेला नव्हता. सत्तरी तालुक्यातल्या एका आडगावातून ऐंशीच्या घरातल्या एका आजींना गोष्ट सांगण्यासाठी आणले होते. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, त्यांच्या भाषणाने आणखी वेळ खाल्ला, आणि आजींच्या वाट्याला पाच मिनिटे आली. त्यांना प्रकाशझोतात उभे करून हातात ध्वनिक्षेपक देण्यात आला. समोर अंधार होता. आजींनी चार वाक्ये सांगितली, थांबल्या, आणि निवेदिकेकडे वळून त्यांनी विचारले, "हूं कोण म्हणटा?" सभागृह हसले. निवेदिका प्रेमानेच म्हणाली, "आजी, तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो आहोत." पण तो अंधार त्यांना हूं म्हणत नव्हता. राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, ती भली मोठी गोष्ट आजींनी पुढच्या दोन वाक्यांत उरकली, शाल आणि नारळ घेतला आणि त्या खाली उतरल्या. परतीच्या गाडीत आमच्या शाळेच्या चार मुली त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी नंतर मला सांगितले, की साखळी सुटल्यापासून वाळपई येईपर्यंत आजी तीच गोष्ट सांगत होत्या आणि वाळपईलाही ती संपली नव्हती.

ज्यांनी अशा गोष्टी लहानपणी ऐकल्या आहेत, त्यांना हुंकारा म्हणजे काय ते सांगायला नको. सांगणारा एक आणि 'हूं' म्हणणारा निदान एक, अशी दोन माणसे असल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही. सांगणारा त्या हुंकाऱ्यावर नजर ठेवून असतो. हूं जोरात आला, की राक्षसाच्या गुहेत आणखी एक दार निघते. हूं रेंगाळू लागला, की राजकन्येचे लग्न लवकर लागते. आणि हूं थांबला, की मूल झोपले असे समजून आजी आपल्या कामाला लागते. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे आमच्या घरी म्हणत. मामाच्या काळजीपेक्षा शेतातली कामे खोळंबू नयेत ही काळजी त्यामागे अधिक असावी, असा माझा कयास आहे. पण त्यामुळे गोष्टीला रात्रीची स्वतःची वेळ मिळाली होती आणि त्या वेळेवर दुसऱ्या कशाचा हक्क नव्हता. आज आपण गोष्टीला महोत्सव दिला, मानधन दिले, प्रमाणपत्र दिले. वेळ आणि हुंकारा मात्र काढून घेतला.

गोव्यात सांगण्यासारखे काय उरले आहे, असे एका तरुण सहकाऱ्याने मला मध्यंतरी विचारले. उदाहरणादाखल मी त्याला लईराई देवीची गोष्ट सांगितली. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, अग्निदिव्य करतात, म्हणजे निखाऱ्यांतून चालतात, हे सर्वांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्यामागची गोष्ट मात्र भावंडांची आहे. फिरत फिरत आलेल्या बहिणींनी भावाला, खेतोबाला, विस्तव आणायला पाठवले. तो वाटेत पोरांच्या खेळात रमला. उशीर झाला म्हणून बहिणीने रागाच्या भरात त्याला लाथ मारली, आणि मग त्या पश्चात्तापापोटी ती स्वतः निखाऱ्यांतून चालली. पुढे ही भावंडे वेगवेगळ्या गावी वसली: लईराई शिरगावात, केळबाई मुळगावात, महामाया मयेत, मोरजाई मोरजीत, आणि एक बहीण, मिराबाई, म्हापशात, जिला आज मिलाग्र सायबीण (चमत्कारांची मेरी माता) म्हणून ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही भजतात. चर्च आणि देवस्थान यांच्यातली फुलांची व तेलाची देवाणघेवाण याच नात्यापोटी चालत आली आहे. आजार कसलाही असो, "सायबिणीक तेल दितां" म्हणणारी आमच्या शेजारची बाई आणि शिरगावला मोगऱ्याच्या कळ्या नेणारी तिची ख्रिस्ती मैत्रीण, दोघीही एकाच गोष्टीच्या आधारावर उभ्या आहेत.

खरी मौज याच्या पुढे आहे. ही गोष्ट मी तीन गावांच्या बायकांकडून ऐकली आहे आणि ती तीन वेळा तीन प्रकारची आहे. कुणाच्या हिशेबाने बहिणी सात, कुणाच्या हिशेबाने बहिणी सहा आणि भाऊ धरून सात. भावाला मारणारी कोण, कुणाचा राग आधी शांत झाला, कोण रुसून समुद्राकडे गेली, यावर दर गावाचे स्वतःचे मत आहे आणि ते मत त्या त्या गावच्या देवीच्या बाजूचे आहे, हे वेगळे सांगायला नको. अभ्यासक या पाठभेदांची नोंद करतील आणि केलीही आहे. विनायक खेडेकरांसारख्यांनी गोव्याचे लोकजीवन गावे पालथी घालून टिपले, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु तळटीप वाचण्याने जे होत नाही, ते मुळगावची बाई आणि शिरगावची बाई एका चटईवर बसून 'तसें न्हय गो, अशें' म्हणत एकमेकींची गोष्ट दुरुस्त करू लागल्या की होते. गावागावांचे हे भांडण हीच त्या गोष्टीची प्रकृती आहे. एकच 'अधिकृत' पाठ ठरवून तो पाठ्यपुस्तकात घातला, की ती गोष्ट मेली असे समजावे.

देवळांच्या गोष्टींपलीकडेही पुष्कळ आहे. सत्तरीतल्या झर्मे गावी शिगम्याच्या दिवसांत चोरोत्सव होतो, त्यात माणसांना जमिनीत पुरून दाखवतात. तो पाहायला आता गाड्या भरून लोक येतात आणि चित्रफिती काढून जातात. निरपराध माणसांना चोर समजून गावाने मारले आणि त्या पापाची आठवण गाव आजही स्वतःला करून देते, ही त्यामागची गोष्ट सांगायला मात्र तिथे कुणी बसलेले नसते. स्वतःच्या पूर्वजांचा गुन्हा दर वर्षी चारचौघांत कबूल करणारे गाव ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. रणमाले आणि पेरणी जागर ही लोकनाट्ये, शिवोलीचा हिंदू आणि ख्रिस्ती मिळून साजरा करतात तो जागर, पौषात बायका नाचत-गात खेळतात ते धालो, या सगळ्यांचे तमाशबीन वाढले आणि सांगणारे घटले, अशी स्थिती आहे.

इतिहासाकडे पाहिले, तर गोव्याने ही विद्या फार कठीण काळात जपली. केळोशीच्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये कृष्णचरित्राची कथा मराठी ओव्यांत बांधली, तेव्हा पोर्तुगीज गोव्यात नुकतेच स्थिरावत होते. पुढे देवळे मोडली गेली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, आले, 1684 मध्ये तर लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. त्याच राजवटीतल्या धर्मगुरूंना मात्र या गोष्टींची ताकद चांगली कळली होती. लोकांच्या कानांना पुराण ऐकण्याची सवय आहे हे ओळखूनच फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती 1616 मध्ये रायतूरला छापली गेली. आणि सोळाव्या शतकातच रामायण-महाभारतातल्या ज्या गोष्टी इथल्या लोकांकडून कोकणी गद्यात, रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या, त्यांची हस्तलिखिते आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. जे कागदावर गेले ते असे सातासमुद्रापार जाऊन राहिले. जे इथे राहिले ते फक्त तोंडात राहिले. हुकूम कचेरीपर्यंत पोचतो, कधी शाळेपर्यंत पोचतो, पण चुलीपाशी बसलेल्या म्हातारीच्या तोंडापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागतो. दूरचित्रवाणीला तेवढा वेळ लागला नाही.

गोष्टीचे नाते जागेशीही असते, हे आपल्याला कुर्डीने शिकवायला हवे होते. साळावली धरणाच्या पाण्याखाली सांगे तालुक्यातले हे गाव गेले. लोक वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेले. दर मे महिन्यात पाणी ओसरले, की ते परत जातात, सोमेश्वराच्या देवळाशी आणि कपेलापाशी (छोट्या चर्चपाशी) जमतात, आपापल्या घरांचे जोते शोधतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. एकदा मी तिथे गेले असताना एक गृहस्थ आपल्या नातवाला एका उघड्या पडलेल्या दगडावर बसवून काहीतरी सांगत होते. मी जवळ गेले तेव्हा ते थोडे संकोचले आणि म्हणाले, "ही गोष्ट घरी सांगितली तर त्याला कळत नाही. तिथे दगड नाही." वर्षातला एक महिना उघडी पडणारी जमीन आणि त्या महिन्यापुरती बाहेर येणारी गोष्ट, असे ते चित्र होते. उरलेले अकरा महिने ती गोष्ट कुठे असते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

'आम्ही सर्व ध्वनिमुद्रित करून ठेवू' असे उत्तर यावर हमखास मिळते. ध्वनिमुद्रण जरूर व्हावे. सांगणारी माणसे वयाने थकली आहेत आणि घाई आहे. पण मुद्रण म्हणजे जतन असे समजण्यात फसगत आहे. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो, म्हणजे उर्दूत लांबलचक दास्ताने तोंडी सांगणारे, मीर बाकर अली 1928 मध्ये वारले आणि त्यांच्याबरोबर ती कला जवळजवळ संपली. 2005 मध्ये शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा त्यांच्या हाताशी अमीर हमज़ाच्या दास्तानीचे 46 छापील खंड होते. एवढा ऐवज असूनही सांगण्याची ढब, श्वास कुठे घ्यायचा, ऐकणाऱ्याकडे केव्हा पाहायचे, हे पुन्हा नव्याने शोधावे लागले, कारण ते कोणत्याच खंडात नव्हते. आपल्यापाशी तर खंडही नाहीत. युनेस्कोच्या 2003 च्या अमूर्त वारशाविषयीच्या करारात, ज्यावर भारताने 2005 मध्ये मान्यतेची मोहोर उठवली, मौखिक परंपरांना पहिल्याच क्रमांकाचे स्थान आहे आणि जतनाच्या व्याख्येत एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवणे स्पष्टपणे धरले आहे. मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या जामा अल-फना चौकाला युनेस्कोने 2001 मध्ये मान दिला तो तिथल्या इमारतींसाठी नव्हता. संध्याकाळी त्या चौकात कोंडाळे करून गोष्टी सांगणाऱ्यांसाठी होता. आपले मांड (लोकविधी आणि नाच-गाणी होतात त्या गावच्या राखीव जागा), आपले सोपे, आपली राजांगणे (घरांच्या मधली अंगणे) यांच्याकडे आपण त्या नजरेने कधी पाहिलेले नाही.

कथाकथन तर मराठीत आहेच, असेही कुणी म्हणेल. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांनी महाराष्ट्रभर ते लोकप्रिय केले आणि गोव्यातही लोक त्यासाठी गर्दी करत, मीही केली आहे. पण ते लेखकाने लिहिलेल्या स्वतःच्या कथेचे, व्यासपीठावरून केलेले सादरीकरण होते, आणि त्यात ऐकणाऱ्याने हसायचे असते, दुरुस्ती करायची नसते. मी म्हणते आहे ती गोष्ट कुणाच्याच मालकीची नाही, आणि ती सांगायला वक्ता असावा लागत नाही. माझ्या पाहण्यातले उत्तम सांगणारे हे माडाची सूर काढणारे एक रेंदेर, एक सुईण आणि पंचायतीत शिपाई असलेले एक गृहस्थ होते. यांतल्या एकालाही कथाकथन स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळाले नसते.

आमच्या वाड्यावर आम्ही गेली काही वर्षे अशी बैठक चालवतो आहोत. पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, एका जुन्या घराच्या राजांगणात बसतो. पहिल्या दिवशी सात माणसे होती आणि त्यांतली तीन आमच्याच घरची. आता पंधरा-वीस असतात. तीसच्या वर गेली तर दोन बैठकी करायच्या असे आम्ही ठरवले आहे, ती वेळ अजून आलेली नाही. गोष्ट वाचायची नाही, तोंडाने सांगायची, ध्वनिक्षेपक नाही, सांगण्यापूर्वी ती कुणाकडून आणि कोणत्या गावी ऐकली ते सांगायचे. हा शेवटचा नेम मी शाळेतून आणला आहे आणि त्याने फार मोठे काम केले. "ही गोष्ट मी माझ्या मावशीकडून ऐकली, ती नार्वेची" असे म्हटल्याबरोबर ती मावशी जणू त्या चटईवर येऊन बसते, आणि अनेकांना बऱ्याच दिवसांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुला कुणी सांगितली होती?' असे विचारावेसे वाटते. सत्कार नाहीत, पाहुणे नाहीत. एका वर्षी एका उत्साही कार्यकर्त्याने फलक लावला, तेव्हा त्या दिवशी आलेल्या तीन आजी दारातूनच परत गेल्या. आपण चुकून कुणाच्या तरी सभेला आलो असे त्यांना वाटले.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. सर्वांत आधी भाषेची आली, आणि गोव्यात ती येणारच. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळच्या मराठी-कोकणी वादाच्या जखमा अजून ज्यांच्या अंगावर आहेत, त्यांनी विचारले की बैठक मराठीची की कोकणीची. मी जन्मभर मराठी शिकवले आणि मराठीचा अभिमान बाळगते. पण गोव्याच्या गोष्टीतली भाषा अशी तराजूत घालून मोजता येत नाही. निवेदन कोकणीत चाललेले असते, मध्येच ओवी येते ती मराठी, आणि राजा बोलू लागला की तो भरजरी मराठीत बोलतो, कारण दशावतारातला राजा तसाच बोलतो. त्याची दासी मात्र कोकणीत उत्तर देते आणि बहुधा तिचेच म्हणणे खरे ठरते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची एक ख्रिस्ती बाई आमच्याकडे एकदा पाहुणी आली होती, तिने सांगितलेली गोष्ट अर्ध्यावर आल्यावर आमच्या लक्षात आले की ही तर आमचीच चिमणी-कावळ्याची गोष्ट, फक्त शेणाच्या घराच्या जागी तिच्याकडे दुसरेच काहीतरी होते. ज्याला जशी आठवते तशी त्याने सांगावी, एवढाच नियम आम्ही ठेवला. मराठीची सेवा म्हणून मी या बैठकीकडे पाहत असले, तरी तिच्या दारावर भाषेची पाटी लावण्याच्या मी विरुद्ध आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. जुन्या गोष्टींत विधवेचा, सवतीचा, खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाचा जो उल्लेख येतो, तो आजच्या मुलांसमोर जसाच्या तसा सांगायचा का? एका बैठकीत एका मुलीने, वय वर्षे अकरा, गोष्ट तोडून विचारले, "पण तिची काय चूक होती?" सांगणाऱ्या काकू गप्प झाल्या, मग हसल्या, आणि म्हणाल्या, "बरें, मग तूंच सांग फुडें." त्या मुलीने गोष्ट वेगळीकडे नेली. मला वाटते, तोंडी परंपरेत हेच होत आले आहे. छापील पुस्तकात संपादकाला कात्री चालवावी लागते, इथे हुंकारा न देणारे एक पोर पुरेसे होते. याच ओघात जागेचाही विचार करावा लागतो. देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, पण तिथे गावातले प्रत्येक घर मोकळेपणाने येऊन बसेलच असे नाही, ख्रिस्ती शेजारी तर संकोचतोच. मोठ्या घराच्या राजांगणाविषयीही हेच म्हणता येईल, आणि आमच्या बैठकीतली ही उणीव मी मान्य करते. म्हणूनच सार्वजनिक जागा मिळाली तर बरी.

आणखी एक मर्यादा पाळायला हवी. प्रत्येक गोष्ट आणि प्रत्येक गाणे कुठेही आणण्यासारखे नसते. धालोची गाणी पौषात, मांडावर, बायकांनी म्हणायची असतात. ती श्रावणात बैठकीत म्हणायला सांगणे म्हणजे कुणाच्या देव्हाऱ्यातला देव प्रदर्शनाला मागून आणण्यासारखे आहे. एका आजींनी आम्हाला एक गोष्ट 'हांगा ना' (इथे नाही) म्हणून सांगितली नाही आणि आम्ही आग्रह केला नाही. तसेच विचारल्याशिवाय चित्रण करून ते व्हॉट्सअॅपवर फिरवण्याचे. सांगणाऱ्याचा हक्क त्या गोष्टीवर नसला, तरी आपल्या आवाजावर आणि चेहऱ्यावर नक्कीच आहे.

शासनाकडे मी फार काही मागत नाही. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. यांतल्या अनेक गावांत वाचनालयाची किंवा पंचायतीची एखादी खोली आहे, आणि पटसंख्येअभावी बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांच्या इमारती तर डोळ्यांसमोर पडून आहेत. ज्या शाळेत मी बारा वर्षे शिकवले ती त्यांतली एक. महिन्यातून एक रात्र ती खोली उघडी मिळावी, दिवा असावा, आणि त्यासाठी अर्ज, हमीपत्र व अनामत रक्कम मागितली जाऊ नये. कला व संस्कृती संचालनालयाने या बैठकींना अनुदान देऊ नये अशीही माझी विनंती आहे, आणि ती मी विचारपूर्वक करते आहे. अनुदान आले की अहवाल येतो, अहवालाला छायाचित्र लागते, छायाचित्राला फलक लागतो, आणि फलक लागला की आजी दारातून परत जातात. द्यायचेच असेल, तर दूरच्या वाड्यावरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री घरी सोडण्यासाठी गाडीभाडे द्यावे. आमच्या चांगल्या सांगणाऱ्यांपैकी निम्मी माणसे केवळ परत कसे जायचे या विवंचनेने येत नाहीत.

थोड्या पैशांत आणि थोड्या जागेत काय होऊ शकते, हे पाहायला फार लांब जायला नको. पत्रादेवीची सीमा ओलांडून महाराष्ट्रात कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. ठाकर समाजाच्या चित्रकथीचे आणि बाहुल्यांचे संग्रहालय परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात सुरू केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती पुष्कळ नंतर. चित्र समोर धरून त्यातली गोष्ट सांगण्याची ती विद्या घरातल्या पुढच्या पिढीने उचलली आहे, कारण ती रोज घरात कानावर पडत होती. आमच्या बैठकीची मुले एकदा तिथे जाऊन आली. परत आल्यावर त्यांनी जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीवर लईराई, खेतोबा आणि निखारे काढले. खेतोबा त्यांनी फुटबॉल खेळताना दाखवला होता. त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. उशीर व्हायला कारण पटण्याजोगे होते.

शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. रविवारच्या अंकात एखादा कोपरा आपण वाचकांनी पाठवलेल्या गावच्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. छापल्याने गोष्ट टिकते असे माझे म्हणणे नाही, ते वर सांगितलेच आहे. पण मयेची गोष्ट छापून आली की मुळगावहून 'हे चूक आहे' असे पत्र येईल, आणि ते पत्र लिहिण्यासाठी कुणाला तरी घरातल्या आजीपाशी जाऊन बसावे लागेल. पाठवणाऱ्याने आपले नाव घातले नाही तरी चालेल. गोष्ट कोणत्या गावची आणि ती कुणाच्या तोंडून ऐकली, एवढे मात्र पहिल्या ओळीत असावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली, गोवा